माप चोख, रंग उसना : बेळगावातील एका त्रिमितीय लेझर स्कॅनिंग सेवेचे परीक्षण

जुन्या वास्तूंचे त्रिमितीय लेझर स्कॅनिंग करून देणारे व्यावसायिक आता बेळगावातही मिळतात. त्यांच्यापैकी एका संस्थेकडून खानापूर तालुक्यातील आमच्या घराण्याच्या वाड्याचे स्कॅनिंग अलीकडेच करून घेतले. निष्कर्ष आधीच सांगतो : मापांसाठी ही सेवा डोळे मिटून घ्यावी, रंगासाठी मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावी. संस्थेचे आणि तिने आणलेल्या यंत्राचे नाव येथे मुद्दाम देत नाही. पुढे ज्या उणिवा येतील त्या या व्यवसायात कमीअधिक प्रमाणात सर्वत्र आढळतात, आणि असे काम करून घेऊ इच्छिणाऱ्याला कोणाकडे जावे यापेक्षा गेल्यावर काय मागावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

वाडा तसा साधाच आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलांचे छप्पर, मध्ये चौक, चौकाभोवती सोपा आणि आत माजघराला लागून देवघर. या देवघराची तक्तपोशी (फळ्यांचे लाकडी छत) मात्र बाकीच्या साधेपणाला न शोभणारी आहे : हिंगुळी लाल जमिनीवर हिरव्या वेली, मधोमध पिवळ्या पाकळ्यांचे कमळ आणि चहूबाजूंनी काळसर निळ्या रंगाची एक रेघ, जी काही ठिकाणी मिलिमीटरभरही रुंद नाही. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. कौलांतून वर्षानुवर्षे झिरपलेल्या पाण्याने तक्तपोशीच्या एका बाजूच्या फळ्या कुजल्या आहेत आणि त्या उतरवून नव्या बसवण्यावाचून गत्यंतर नाही. नव्या फळ्यांवर जुन्याशी जुळणारे काम रंगाऱ्याकडून करून घ्यायचे, तर फळ्या उतरवण्यापूर्वी आकार आणि रंग या दोन्हींची विश्वासार्ह नोंद हाताशी हवी. रंगाचा आग्रह आम्ही हौसेखातर धरला नव्हता, हे यावरून ध्यानात यावे.

मापाच्या बाबतीत बोलण्यासारखे फारसे नाही, कारण तक्रारीला जागाच नाही. तिपाईवर ठेवलेले यंत्र स्वतःभोवती फिरते, सेकंदाला लाखो बिंदू टिपते आणि काही मिनिटांत पुढच्या खोलीत जायला मोकळे होते. शेजारच्या दोन स्थानांवरून टिपलेला भाग एकमेकांवर पुरेसा यावा याची काळजी तंत्रज्ञांनी घेतली होती, त्यामुळे सगळी स्कॅन जोडल्यावर भिंतींचे सांधे कोठेही दुहेरी दिसले नाहीत. माजघराची मोठी तुळई मध्यभागी खाली आली आहे हे आम्ही नुसत्या नजरेने ओळखून होतो. ती नेमकी किती आणि कोणत्या टप्प्यापासून झुकली आहे हे पडद्यावर पाहिल्यावर सुताराचे आणि आमचे वाद मिटले. टेप आणि ओळंबा घेऊन हेच काम केले असते तर वेळ कितीतरी पट गेला असता आणि चौकाच्या वाकड्या कोपऱ्यांची मापे तरीही अंदाजाचीच राहिली असती.

आता रंगाकडे वळतो. येथे बहुतेक ग्राहकांचा जो समज असतो तो आधी दूर करायला हवा. लेझरला रंग दिसत नाही. वास्तूंसाठी वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच स्कॅनरांत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण असतो, आणि माणसाच्या डोळ्याची पोच साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटरपर्यंतच आहे. किरण ज्या दिशेने सोडला ती दिशा यंत्राला ठाऊक असते. तो परत आला की पृष्ठभाग किती अंतरावर आहे आणि परतलेला प्रकाश किती जोरकस आहे, एवढेच कळते. या जोराला धंद्यात इंटेन्सिटी म्हणतात आणि तिचे करड्या छटांतले चित्र तयार होते. आमच्या तक्तपोशीच्या त्या करड्या चित्रात लाल जमीन आणि हिरवी वेल, जी डोळ्यांना इतकी विरोधी दिसतात, ती एकमेकांत जवळजवळ विरघळून गेली होती. अवरक्त प्रकाशात दोन्ही रंग सारखाच प्रकाश परतवत असतील तर यंत्राच्या लेखी तो एकच पृष्ठभाग.

या करड्या चित्राचा एक अनपेक्षित लाभ मात्र झाला. १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पाणी चांगलेच शोषून घेते, म्हणून ओलसर भाग इंटेन्सिटीच्या चित्रात काळपट उमटतात. देवघराच्या मागच्या भिंतीचा गिलावा डोळ्यांना कोरडा वाटत होता. चित्रात मात्र कोनाड्याच्या वरून खाली उतरणारा काळा ओघळ स्पष्ट दिसला. एका चित्रावरून ओल सिद्ध होत नाही, कारण काजळी किंवा वेगळ्या प्रतीचा चुनाही तसा परिणाम करू शकतो, तेव्हा आम्ही त्या जागेचा गिलावा थोडा खरवडून पाहिला आणि आत ओल निघाली. ही माहिती आम्ही मागितली नव्हती आणि संस्थेने तिचे वेगळे पैसेही लावले नाहीत. गळक्या छपरांच्या आमच्या मुलखात या सेवेची जाहिरात रंगीत चित्रांऐवजी या करड्या चित्रांवर करायला हवी, असे माझे मत झाले आहे.

सगळ्याच वास्तूंना रंगाची एवढी निकड नसते हेही येथे नमूद करावेसे वाटते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचे उदाहरण घ्या. रट्ट राजांच्या काळात, १२०४ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या मंदिराच्या छतातील कमळ हे सर्वस्वी दगडाच्या कोरणीचे, खोलीचे आणि सावलीचे काम आहे. तशा छताची भूमिती अचूक मिळाली की नोंदीचा मोठा भाग साधला. रंगवलेल्या लाकडी फळीचे गणित उलटे आहे. तिची भूमिती म्हणजे जवळजवळ सपाट पाट, आणि जे जपायचे ते सगळे रंगाच्या पातळ थरात.

मग स्कॅनमध्ये रंग येतो कोठून? यंत्रातच किंवा यंत्रावर बसवलेल्या कॅमेऱ्यातून. स्कॅन झाल्यावर, किंवा काही यंत्रांत त्याआधी, कॅमेरा सभोवारची छायाचित्रे घेतो, ती जोडून पॅनोरमा तयार होतो आणि प्रत्येक बिंदूला त्या दिशेच्या पिक्सेलचा रंग चिकटवला जातो. म्हणजे बिंदूचे स्थान मोजलेले असते आणि त्याचा रंग उसना आणलेला असतो. माहितीपत्रकांत मेगापिक्सेलचे मोठे आकडे असतात : फॅरो कंपनीच्या फोकस एस मालिकेतील यंत्रांसाठी १६५ मेगापिक्सेलपर्यंतचा, तर लायका कंपनीच्या आरटीसी३६० साठी कच्च्या प्रतिमांचा ४३२ मेगापिक्सेलचा. हे आकडे रंगाच्या बारकाव्याबद्दल सांगतात, खरेपणाबद्दल नाही. बारकाव्याचाही हिशोब एकदा करून पाहण्याजोगा आहे. सभोवारचा पॅनोरमा २०,००० पिक्सेल रुंद धरला, तर ५ मीटर अंतरावरील भिंतीवर एका पिक्सेलचा वाटा सुमारे दीड मिलिमीटर येतो. यंत्र देवघराच्या आत, तक्तपोशीखाली ठेवल्यास हे अंतर बरेच कमी होते. पण पहिल्या वेळी देवघरात तिपाई न नेता माजघरातून, दारातून दिसेल तेवढे टिपले गेले होते. आमची मिलिमीटरभराची निळी रेघ त्या रंगीत बिंदुसमूहात, म्हणजे टिपलेल्या बिंदूंच्या संचात, कोठे गेली याचा उलगडा या गणितातच होतो.

पहिली रंगीत प्रत संस्थेने वाड्यावर येऊन टीव्हीला लॅपटॉप जोडून दाखवली. घरातील सगळी मंडळी जमली होती आणि चौकातून सोप्यात, सोप्यातून माजघरात असा तो फेरफटका पाहून सर्वांना कौतुक वाटले. देवघर पडद्यावर येताच आमची आत्या, जिचे लहानपण याच तक्तपोशीखाली गेले, एवढेच म्हणाली, “हा रंग कौलाचा झाला रे, आमच्या देवघराचा नव्हे.” तंत्रज्ञाने पडद्याचा दोष असेल अशी शंका काढली. ती अगदीच निराधार नव्हती, कारण घरगुती टीव्ही रंग भडक करूनच दाखवतो. पण जवळ जाऊन पाहिल्यावर दोष पडद्याच्या पलीकडचा असल्याचे दिसले. तक्तपोशीच्या दाराकडील फळ्या निळसर झाक मारत होत्या आणि आतील फळ्या नारिंगी. एकाच वेलीचे पान एका फळीवर हिरवे तर पुढच्या फळीवर शेवाळी. टांगलेल्या लामणदिव्याच्या पितळी साखळीला मागच्या भिंतीचा पांढरा रंग चिकटला होता आणि भिंतीवर, साखळीपासून थोडे बाजूला, साखळीचा पिवळा माग उमटला होता.

साखळीचा दोष समजायला सोपा आहे. कॅमेऱ्याचे भिंग आणि लेझरचा उगम अगदी एकाच बिंदूवर नसतील, तर जवळच्या वस्तूमागचा भाग दोघांना थोडा वेगळा दिसतो आणि कडेवरचे रंग एकमेकांत मिसळतात. स्कॅन आणि छायाचित्र यांच्या मधल्या वेळात वाऱ्याने साखळी हलली असेल तर आणखीच. काही यंत्रांत कॅमेरा लेझरच्याच अक्षावर बसवून हा फरक टाळलेला असतो, तेव्हा यंत्र ठरवताना ही गोष्ट विचारून घ्यावी. सपाट तक्तपोशीला यामुळे फारसा उपद्रव होत नाही. खांबांचे कंगोरे, गणेशपट्टीची कोरणी, कठड्याच्या कड्या अशा ठिकाणी मात्र तो लगेच नजरेत भरतो.

निळसर आणि नारिंगी फळ्यांची गोष्ट अधिक मुळातली आहे. देवघरात दाराकडून चौकातला उजेड येत होता; तो आकाशाचा, त्यातही परसातील पोफळी आणि केळींवरून परतलेला, म्हणजे निळसर हिरवा. आत घरच्यांनी लावलेला पिवळा एलईडी बल्ब होता. दोन वेगळ्या प्रकारचे उजेड एकाच पृष्ठभागावर पडले की एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेऱ्यात बसवलेला मेळ, दोघांना पुरा पडत नाही, आणि यंत्र तर स्वयंचलित व्हाइट बॅलन्सवर सोडलेले होते. प्रत्येक स्थानावर त्याने आपल्यापुरता वेगळा निवाडा केला आणि स्कॅन जोडताना ते सगळे निवाडे शेजारी शेजारी येऊन बसले. शूटिंगच्या वेळी आम्ही बल्ब मालवू का असे विचारले होते. तेव्हा “काका, राहू दे की, उजेड भरपूर पाहिजे,” असे उत्तर मिळाले. उजेड भरपूर असणे आणि एकजात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या धंद्यातील प्रशिक्षणात पहिलीवरच भर दिसतो.

त्यावर एचडीआरचा संस्कार. कमीअधिक एक्सपोजरची अनेक छायाचित्रे एकत्र करून दाराचा लख्ख उजेड आणि कोनाड्याचा अंधार हे दोन्ही दाखवण्याची ही सोय अंधाऱ्या वाड्यात अत्यावश्यकच आहे. अडचण पुढच्या टप्प्यात येते. एवढा मोठा आवाका साध्या पडद्यावर मावावा म्हणून सॉफ्टवेअर छटा दाबते, सावल्या उचलते, रंग थोडे खुलवते, आणि ते ठिकठिकाणी वेगवेगळ्या प्रमाणात करते. चित्र देखणे होते. मोजमापासाठी मात्र ते निकामी होते, कारण कोणत्या जागी किती बदल झाला याचा हिशोब उरत नाही. आम्हाला मिळालेली पहिली प्रत या प्रकारची होती आणि मूळ रॉ छायाचित्रे, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली संस्कार न झालेली माहिती, मागितली तेव्हा ती जपून ठेवलेलीच नव्हती. संस्थेवर माझा सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे. रंग चुकणे समजू शकते. चूक दुरुस्त करण्याची सामग्री पुसून टाकणे समजण्यापलीकडचे आहे.

लाल रंगाविषयी थोडे वेगळे लिहितो, कारण आमच्याकडच्या देवघरांत, मखरांत आणि पालख्यांत लालाचेच राज्य असते. दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा, एलईडीच्या खोक्यावर सीआरआय म्हणून जो आकडा असतो तो आठ ठरावीक फिक्या रंगांवर काढलेली सरासरी असते. गडद लाल रंग त्या आठांत नाही. तो आर९ या नावाने वेगळा मोजला जातो, आणि सीआरआय ८० असलेल्या स्वस्त दिव्यात हा आर९ अगदी कमी असू शकतो. म्हणजे दिव्यातच गडद लाल अपुरा असतो. मग कॅमेऱ्याने तो टिपावा कोठून? उलट बाजूला, भरपूर लाल असलेल्या उजेडात कॅमेऱ्याची लाल वाहिनी बाकीच्या दोघींआधी भरून जाते, तिच्यातील छटांचे भेद पुसले जातात आणि हिंगुळाचा पृष्ठभाग एकसारखा सपाट दिसू लागतो. आत्याला दिसलेला कौलाचा रंग पहिल्या प्रकारचा होता.

संस्थेच्या बाजूने एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. आक्षेप लेखी दिल्यावर त्यांनी वाद घातला नाही, तर रंगासाठी वेगळे छायाचित्रण करण्याची तयारी दाखवली, आणि त्यासाठी जो तरुण तंत्रज्ञ आला त्याला विषय चांगला माहीत होता. (तो कानडी आणि मराठी दोन्ही सफाईने बोलत होता, पण रंगाविषयी बोलताना आमच्या रंगाऱ्याच्या मागे लागून गेरू, काव, हरताळ ही नावे विचारून घेत होता, हे मला विशेष वाटले.) त्याने देवघराचे दार आमच्याच जुन्या घोंगड्यांनी बंद केले, बल्ब काढायला लावला आणि ९५ हून अधिक सीआरआयचे दोन एलईडी पॅनल तक्तपोशीशी साधारण ४५ अंशांत, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर उभे केले. दिव्यांवर ध्रुवण करणारी (पोलरायझिंग) फिल्म आणि भिंगावर तिला काटकोनात फिरवलेला फिल्टर लावला. जुन्या तैलरंगावर आणि समईच्या धुराने बसलेल्या तेलकट थरावर जी चकाकी असते ती यामुळे जवळजवळ नाहीशी झाली आणि खालचा रंग उघडा पडला. या पद्धतीत प्रकाश फार खर्ची पडतो, म्हणून कॅमेरा तिपाईवर हवा आणि एक्सपोजर लांब हवे.

पहिल्या चौकटीत त्याने २४ चौकोनांचा कलरचेकर धरला. मॅकबेथच्या नावाने १९७६ पासून प्रचारात असलेला आणि आता कॅलिब्राइटकडून विकला जाणारा हा तक्ता या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची वस्तू आहे. त्याच्या प्रत्येक चौकोनाचा रंग किती असायला हवा हे आकड्यांत ठरलेले असते. त्यामुळे त्या उजेडात, त्या कॅमेऱ्याने काय टिपले आणि खरे काय होते यांतील फरक मोजता येतो आणि तो फरक भरून काढणारी प्रोफाइल तयार करता येते. तळओळीतील सहा करडे चौकोन व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजरची शहानिशा करतात. तक्ता तक्तपोशीच्याच पातळीत, त्याच दिव्यांखाली धरायला हवा. जमिनीवर ठेवलेल्या तक्त्याने छताचा न्याय होत नाही, आणि मी इतरत्र पाहिलेल्या कामांत तक्ता असलाच तर तो यंत्राच्या पायाशी पडलेला असतो. हे चौकोन उन्हाने, हाताळण्याने उतरतात, म्हणून तो किती जुना आहे हेही विचारावे.

मग आकडे आले. रंगांतील फरक डेल्टा ई या एककात सांगतात आणि आज त्यासाठी सीआयईडीई२००० हे सूत्र रूढ आहे. दोन नमुने शेजारी ठेवल्यावर सरावलेल्या डोळ्याला साधारण १ च्या आसपासचा फरक जाणवू लागतो. आमच्या तक्त्यावर दुरुस्तीनंतरची सरासरी २ च्या जवळ आली, लाल चौकोन मात्र त्याच्या दुपटीहून अधिक चुकत होता. संस्थेने हा आकडा अहवालात लपवला नाही याचे मला समाधान आहे. दुरुस्त छायाचित्रे फोटोग्रामेट्रीच्या, म्हणजे छायाचित्रांवरून आकार काढणाऱ्या, सॉफ्टवेअरमधून लेझरच्या भूमितीवर बसवली गेली आणि या वेळी निळी रेघ अखंड दिसली. इतकेच नव्हे, तर एका कोपऱ्यात ती पूर्वी कोणीतरी वेगळ्या निळ्याने पुन्हा ओढलेली असल्याचेही लक्षात आले. घरात ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती.

एवढा खटाटोप खरोखर लागतो का, असे वाचकाला वाटेल. या क्षेत्रातील गाजलेली कामे पाहिली तर उत्तर होकारार्थीच येते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने १९९८-९९ मध्ये इटलीत मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याचे लेझर स्कॅनिंग केले तेव्हा भूमितीखेरीज सुमारे ७,००० रंगीत छायाचित्रे घेतली. एकाच जागेचे एक छायाचित्र स्वतःच्या पांढऱ्या दिव्यासह आणि एक त्याविना घेऊन दुसरे पहिल्यातून वजा केले, म्हणजे दालनातला परका उजेड आपोआप वगळला गेला. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००४ मध्ये लूव्र संग्रहालयात मोनालिसाचे स्कॅनिंग केले ते तर लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन लेझरांनी, म्हणजे तेथे रंग आणि आकार एकाच किरणाने मोजले गेले. ते तंत्र लहान अंतरावरचे आहे आणि आपल्या बाजारात भाड्याने मिळणारे नाही. वजाबाकीची युक्ती मात्र दार बंद करता न येणाऱ्या सोप्यासारख्या जागी आजही कोणालाही वापरता येईल; फ्लॅश, तिपाई आणि रॉ फाइली एवढेच त्याला पुरते.

रंगाच्या छायाचित्रणासाठीच्या त्या भेटीतच गौरीचे दोन रंगीत मुखवटे हाती धरण्याच्या स्कॅनरने टिपून घेतले. हा प्रकार मला जास्त आवडला. या यंत्राचा स्वतःचा पांढरा फ्लॅश असतो, तो वस्तूपासून ठरावीक अंतरावर राहतो आणि खोलीतला उजेड मंद ठेवला की रंग बऱ्यापैकी एकसारखा येतो. चकचकीत भागांवर, विशेषतः गालांच्या उंचवट्यावर आणि सोनेरी बेगडावर, फ्लॅशचे पांढरे ठिपके उमटले आणि ते हाताने पुसावे लागले. गोकाकच्या लाकडी खेळण्यांसारख्या लुकणीच्या चकाकीच्या वस्तू कोणाला टिपून घ्यायच्या असतील तर ही अडचण गृहीत धरावी.

फाइलींविषयी. बिंदुसमूह ई५७ आणि एलएएस अशा दोन स्वरूपांत मिळाला. एलएएसमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला १६ बिट जागा असते, पण अनेक सॉफ्टवेअरे तिच्यात ८ बिटांचाच रंग ओततात, आणि रंग कोणत्या प्रोफाइलमध्ये वाचायचा हे सांगण्याची सोय त्या स्वरूपात नाही. परिणामी उघडणारे सॉफ्टवेअर तो एसआरजीबी, म्हणजे साध्या पडद्यांची सर्वसाधारण रंगव्यवस्था, समजून चालते. म्हणून रंगासाठी बिंदुसमूहावर भिस्त ठेवू नये; दुरुस्त केलेली टिफ छायाचित्रे, त्यांत अंतर्भूत केलेली आयसीसी प्रोफाइल (रंगाचे आकडे कसे वाचायचे हे सांगणारी) आणि मूळ रॉ फाइली यांनाच नोंद मानावे. संस्थेने फाइलींना ‘रूम १’, ‘रूम २’ अशी नावे दिली होती. माजघर कोणते आणि पडवी कोणती हे दहा वर्षांनी उघडणाऱ्याला कसे कळणार, असे विचारल्यावर ती बदलून दिली.

दर चौरस फुटावर आकारला गेला आणि वर १८ टक्के जीएसटी. स्कॅनिंगचा दर मला वाजवी वाटला. रंगाच्या छायाचित्रणाचा दर वेगळा लागला आणि तो चढा आहे, पण कामाला लागणारी सामग्री आणि वेळ पाहता त्याबद्दल कुरकुर करणार नाही. कुरकुर आहे ती मूळ दरपत्रकातील ‘रंगीत स्कॅन’ या शब्दांबद्दल. त्या दोन शब्दांत रंगाच्या अचूकतेचे कोणतेही आश्वासन नाही, आणि ते नाही हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. करार करताना पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात असे सुचवतो : रंगासाठी दिवे कोणते आणि त्यांचा आर९ किती, प्रत्येक खोलीत तक्ता पृष्ठभागाच्या पातळीत धरला जाईल की नाही, डेल्टा ईची सरासरी आणि सर्वांत वाईट चौकोन अहवालात येतील की नाही, आणि रॉ फाइली ग्राहकाच्या ताब्यात मिळतील की नाही.

रंगाऱ्याच्या दृष्टीने मात्र एक काम याने होत नाही, आणि ते कोणत्याही कॅमेऱ्याने होणारही नाही. कॅमेरा तीन वाहिन्यांत रंग सांगतो. जुना हिंगूळ आणि आजचा तयार तैलरंग या तीन आकड्यांत अगदी जुळले तरी दिवसाच्या उजेडात एक आणि समईच्या उजेडात वेगळे दिसू शकतात, कारण दोन्हींचे वर्णपट वेगळे असतात. यासाठी आम्ही तक्तपोशीच्या सपाट, स्वच्छ जागी टेकवून वाचन घेणारे लहान वर्णपटमापक यंत्र वापरून लाल, हिरवा, पिवळा आणि निळा यांची वाचने घेतली. अशी यंत्रे रंगांच्या मोठ्या विक्रेत्यांकडे असतात. ती वाचने संस्थेच्या लाल चौकोनाची चूक दुरुस्त करायलाही उपयोगी पडली. नव्या फळीवरचे नमुने रंगारी आता उघड्या चौकात आणि बंद देवघरात समई लावून अशा दोन्ही ठिकाणी पाहतो आहे. हिरवा जुळला आहे, लालाच्या दोन मिश्रणांवर अजून एकमत व्हायचे आहे. पहिल्याच भेटीत रॉ फाइली न ठेवल्याबद्दल गुण कापून, मापाच्या कामाला पाचपैकी पाच आणि रंगाच्या कामाला तीन देतो.